शरण जाणं, शरण देणं

आमच्या चर्चच्या मंडळीत ईस्टरपासून एक वाद चालू आहे. सहा वर्षांपूर्वी बायको-मुलांना टाकून निघून गेलेला एक माणूस परत आला आहे. दारू सुटली असं तो सांगतो आणि शेजारीपाजारीही त्याला दुजोरा देतात. प्रभुभोजनात, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीत, पुन्हा सहभागी होऊ द्यावं, अशी विनंती त्याने पाळकसाहेबांकडे केली. तेव्हापासून उपासना संपली की आवारातल्या चिंचेखाली चहाचे कप घेऊन दोन घोळके उभे राहतात. एका घोळक्याचं म्हणणं असं की देव आज्ञापालन मागतो, नियम सगळ्यांना सारखा, त्याने आधी दोन वर्षं मागच्या बाकावर बसून दाखवावं. दुसरा घोळका म्हणतो, देव दयाळू आहे, अडवणारे आपण कोण, येत्या रविवारीच त्याला पुढे बोलवा. संध्याकाळी हाच वाद मोबाइलच्या ग्रुपवर चढतो आणि रात्री अकरापर्यंत बायबलमधल्या वचनांची फेकाफेक चालते. ओळख पटू नये म्हणून मी काही तपशील बदलले आहेत, पण वाद असाच आहे.

यातल्या बऱ्याच जणांना मी लहानपणापासून ओळखते, कित्येकांच्या मुलांना शाळेत शिकवलं आहे. कुणाच्या मनात खोट नाही. तरीही मला हा सगळा वादच चुकीच्या पायावर उभा वाटतो. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न बोलता मान्य केली आहे: आज्ञापालन आणि दया ही तराजूची दोन पारडी आहेत, एक खाली गेलं की दुसरं वर जाणार. मला हे मान्य नाही. शास्त्रात दया ही देवाची आज्ञाच आहे, आणि आज्ञा पाळायचं बळ माणसाला दयेतूनच मिळतं. दया बाजूला ठेवून आज्ञा पाळायला निघालेला माणूस आज्ञाही मोडतोच, आणि आज्ञा टाळून नुसती दया मागणाऱ्याला आपण काय मागतो आहोत हेच कळलेलं नसतं.

ग्रुपवर सर्वांत जास्त वेळा आलेली दोन वचनं बघू. शिस्तीच्या बाजूने शमुवेल संदेष्ट्याचे शौल राजाला उद्देशून काढलेले उद्गार येतात. त्यांचा आशय असा की यज्ञापेक्षा देवाची आज्ञा पाळणं बरं. दयेच्या बाजूने होशेय संदेष्टा येतो: देवाला यज्ञ नको, दया हवी. येशूने होशेयाचं हे वचन मत्तयाच्या शुभवर्तमानात दोनदा काढलं आहे. एकदा लोक ज्यांना पापी मानत त्या जकातदारांच्या पंगतीला बसल्याबद्दल त्याला बोल लावला गेला तेव्हा, आणि एकदा शिष्यांनी शब्बाथाच्या, म्हणजे काम वर्ज्य असलेल्या विश्रांतीच्या, दिवशी भुकेपोटी कणसं मोडून खाल्ली तेव्हा. आता ही दोन वचनं शेजारी ठेवा. शमुवेलाने आज्ञापालनाची तुलना कशाशी केली? यज्ञाशी. होशेयाने दयेची तुलना कशाशी केली? त्याच यज्ञाशी. ज्या दोन वचनांनी आपण एकमेकांना मारतो आहोत, त्यांचा रोख एकाच गोष्टीवर आहे. बाहेरचा विधी नेटका करून आतल्या बदलातून सुटका करून घ्यायची जी माणसाची सवय, तिच्यावर. मग या दोन संदेष्ट्यांना आपण एकमेकांच्या अंगावर का सोडतो?

इथे एक अडचण आहे आणि ती टाळून मला पुढे जायचं नाही. शौलाला मिळालेली आज्ञा अमालेकी लोकांच्या संहाराची होती. तो उतारा वाचताना आजही माझ्या अंगावर काटा येतो आणि त्याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. पण शौलाने मोडली ती आज्ञा दयेपोटी मोडली, असं कुणी म्हणत असेल तर त्याने तो अध्याय पुन्हा वाचावा. सामान्य माणसं त्याने मारलीच. वाचवलं ते अगाग राजाला आणि धष्टपुष्ट मेंढरांना. वर कारण दिलं, यज्ञासाठी ठेवली. दुबळ्याला सोडायचं नाही आणि तोलामोलाच्या माणसाला सोडायचं, याला दया म्हणत नाहीत. मंडळ्यांमध्ये शिस्तीचे नियम कुणाला लागतात आणि कुणाला लागत नाहीत, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना शौल ओळखीचा वाटेल.

शिस्तीच्या बाजूचं सर्वांत भक्कम म्हणणं मात्र वेगळंच आहे, आणि ते ग्रुपवर कुणी नीट मांडलेलंच नाही, म्हणून मीच मांडते. शिस्त ही दुबळ्याची ढाल असते. माझ्या लहानपणी पाळकसाहेब दारू पिणाऱ्याचं नाव भोजनाच्या यादीतून काढत. ते काढावं म्हणून त्यांच्या दाराशी जात त्या त्याच माणसांच्या बायका. पोलीस ऐकत नव्हते, सासरा ऐकत नव्हता. मंडळीसमोर खाली मान घालावी लागेल, एवढीच भीती त्या पुरुषांना उरलेली होती. आज दयेच्या नावाने हे सगळं मोडीत काढू बघणाऱ्यांनी सांगावं, की त्या बायकांच्या हातात दुसरं काय होतं? चूक केली तरी काहीच होत नाही, असं जिथे ठरतं तिथे सर्वांत आधी मार खातो तो घरातला सर्वांत दुबळा जीव. हे मला पूर्ण मान्य आहे.

पण ढाल कुणासाठी आहे याचा विसर पडला की तिची भिंत होते. योनाचं पुस्तक लहान मुलांना माशाच्या पोटातली गोष्ट म्हणून सांगतात, पण त्याचा जीव शेवटच्या अध्यायात आहे. निनवे शहराला जाऊन इशारा दे, ही देवाची आज्ञा सोडून योना तार्शीशच्या जहाजात का बसला? तिथल्या लोकांच्या भीतीने नव्हे. तो स्वतःच देवाला कारण सांगतो: तू दयाळू आहेस, तू त्यांना क्षमा करशील, हे मला आधीच ठाऊक होतं. म्हणजे त्याने आज्ञा मोडली ती देवाच्या दयेचा राग येऊन. पुढे तो निमूट जाऊन संदेश देतो, आज्ञा पाळतो, आणि शहर वाचलं म्हणून मरण मागत बसतो. असं आज्ञापालन देवाला पुरलं नाही. उजवा-डावा हात न कळणारी एक लाख वीस हजारांवर माणसं आणि पुष्कळ जनावरं ज्या शहरात आहेत, त्याचा मला कळवळा येऊ नये का, हा देवाचा प्रश्न आहे आणि पुस्तक त्या प्रश्नावरच थांबतं. ‘दोन वर्षं मागच्या बाकावर’ म्हणणाऱ्यांना माझा एवढाच प्रश्न आहे: दोन वर्षांनी तो पुढे आला तर तुम्हाला आनंद होणार आहे का? होणार असेल तर ती शिस्त आहे. होणार नसेल तर मुदत दोन वर्षांची असो की वीस, फरक पडत नाही.

हा वाद जुना आहे, आपल्या कल्पनेपेक्षा फार जुना. इसवी सन २५० च्या सुमारास रोमचा सम्राट डेशियस याने हुकूम काढला की प्रत्येकाने देवतांना यज्ञ करावा आणि तसा दाखला घ्यावा. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी जिवाच्या भीतीने यज्ञ केला. काहींनी यज्ञ न करता पैसे देऊन नुसता दाखला मिळवला. छळ थांबल्यावर हे लोक रडत परत आले. रोममध्ये नोवेशियन नावाचा धर्मगुरू म्हणाला, अशांना मंडळीत पुन्हा जागा नाही. उलट उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये विश्वासासाठी तुरुंग सोसलेले काही जण क्षमेच्या चिठ्ठ्या वाटू लागले, आणि त्या चिठ्ठ्यांवर एखाद्याचं नाव आणि पुढे ‘घरच्या मंडळींसह’ असंही लिहिलेलं असे. एका कागदाने पाप झालं होतं, दुसऱ्या कागदाने ते मिटणार होतं. तिथला बिशप सिप्रियन याने दोन्ही वाटा नाकारल्या. २५१ च्या परिषदेत एकेकाचा प्रसंग वेगवेगळा पाहायचं ठरलं: कुणी यज्ञ केला, कुणी फक्त दाखला घेतला, कुणावर किती जबरदस्ती झाली. दार बंद करायचं नाही, पण दारातून आत येणाऱ्याची चौकशी मात्र नावनिशीवार करायची. पुढे नव्या छळाची चाहूल लागली तेव्हा त्याच सिप्रियनने पश्चात्तापाच्या वाटेवर असलेल्या सगळ्यांना आत घेतलं, कारण लढाईच्या तोंडावर सैनिकाला उपाशी ठेवून चालणार नव्हतं. २५८ मध्ये त्याचा स्वतःचा शिरच्छेद झाला. नोवेशियनचा नियम लक्षात ठेवायला सोपा होता, चिठ्ठ्याही सोप्या होत्या. सिप्रियनला मात्र प्रत्येक माणसापाशी थांबावं लागलं.

आमच्या वादात नेमकं हेच झालेलं नाही. महिनाभर ‘तो’ आणि ‘देव’ यांच्याविषयी बोलणं चाललं आहे. त्याची बायको दर रविवारी उजवीकडून तिसऱ्या बाकावर बसते. तिला कुणी काही विचारलं का? मी तिच्या घरी गेले. ती पहाटे द्राक्षबागेत कामाला जाते. विरळणीच्या दिवसांत हात सतत वर धरून तिचे खांदे भरून आलेले असतात. चहा गाळताना तिच्या गळ्याकडे माझं लक्ष गेलं, दोऱ्यात ओवलेली नुसती काळी पोत. लग्नात आईने केलेलं, क्रूसाचं पदक असलेलं गंठण होतं, ते जाताना त्याने नेलं आणि मोडलं. ‘‘बाई, तो सुधारला असंल तर बरंच हाय,’’ ती म्हणाली. ‘‘पण त्यानं देवाची माफी मागितली. माझी नाय अजून. आन् गंठणाचा तर विषयच नाय काढला.’’

दयेच्या बाजूच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, आता सांगा, येत्या रविवारी त्याला पुढे बोलावून आपण नक्की कुणाच्या खिशातली दया वाटणार आहोत? ज्याचं नुकसान झालं त्याला वगळून तिसऱ्याने क्षमा जाहीर करायची, यात औदार्य कसलं? डिट्रिच बोनहॉफर नावाच्या जर्मन पाळकाने १९३७ मध्ये अशा दयेला ‘स्वस्त कृपा’ म्हटलं. पश्चात्तापाशिवायची क्षमा, शिष्यपणाशिवायची कृपा. त्याच्या देशातल्या चर्चने तीच स्वस्त कृपा वाटत वाटत हिटलरपुढे मान तुकवली होती. ९ एप्रिल १९४५ ला त्याला फाशी दिलं गेलं. कृपेची किंमत हा त्याच्यासाठी नुसता प्रवचनाचा विषय नव्हता.

यावर येणारं उत्तर मला माहीत आहे, आणि ते वजनदार आहे: अट घातली की ती दया राहत नाही. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला, त्याने आधी भरपाईची पावती मागितली नाही. खरं आहे. यात मी एक अक्षरही कमी करणार नाही. पण दया आधी येते, याचा अर्थ तिच्यानंतर काहीच येत नाही असा नाही. यरीहोचा जक्कय आठवा. जकातदारांचा मुख्य, बुटका, उंबराच्या झाडावर चढून बसलेला. येशूने त्याला आधी हिशेब विचारला का? नाही. आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे, एवढंच म्हणाला. बाहेर लोक कुरकुरले, पापी माणसाकडे पाहुणा गेला म्हणून. आणि मग जक्कय उभा राहून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. चौपट हा आकडा त्याने हवेतून काढलेला नाही. बायबलच्या निर्गम या पुस्तकातल्या नियमात मेंढरू चोरून मारणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला चार मेंढरं भरावी लागत. जक्कयने चोराचा दंड स्वतःहून स्वतःला लावून घेतला. त्याच्यावर अट कुणीच घातली नव्हती. दया घरात आली म्हणून त्याला आज्ञा आठवली. आणि ‘आज या घराला तारण प्राप्त झालं आहे’ हे येशूचे शब्द येतात ते जक्कयच्या या बोलण्यानंतर.

याच गोष्टीची काळी बाजू मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे. एका चाकराचं दहा हजार तलंतांचं कर्ज राजाने माफ केलं. तोच चाकर बाहेर पडून शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि एक तलंत म्हणजे साधारण सहा हजार दीनार. हिशेब मांडला तर माफ झालेलं कर्ज वसूल करायच्या कर्जाच्या सहा लाख पट होतं. राजाने आधी कोणतीही अट घातली नव्हती, तरी त्या चाकराला परत बोलावून जाब विचारला: मी तुझ्यावर दया केली तशी तूही करायला नको होतीस का? दया ही आज्ञा कशी होते, हे याहून स्पष्ट कुठे सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

तरुण मुलं यावर आणखी एक गोष्ट विचारतात आणि त्यांचा राग मला समजतो. आज्ञापालन हा शब्दच त्यांना नकोसा झाला आहे. आमच्या पिढीने शाळेत अर्जाच्या खाली ‘आपला आज्ञाधारक’ लिहायची सवय करून घेतली. त्याच्याही मागच्या पिढ्यांनी, विशेषतः आमच्यातल्या पुष्कळांच्या गावकुसाबाहेरच्या आजे-पणज्यांनी, आज्ञा ऐकली ती ‘पायरीशी राहा’ ही. आमच्या या नाशिक शहरात २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तो असली आज्ञाधारकता झुगारण्यासाठीच. आणि दया? ती तर वरच्याने खालच्यावर करायची गोष्ट. आम्हाला दया नको, हक्क हवा, असं एखादी मुलगी म्हणते तेव्हा मी तिला चूक म्हणू शकत नाही. इफिसकरांस पत्रातलं ‘दासांनो, धन्यांच्या आज्ञेत राहा’ हे वाक्य किती शतकं गुलामांच्या मालकांनी व्यासपीठावरून वाचून घेतलं, हा इतिहास आहे.

पण देवाची आज्ञा आणि देवाच्या नावाने दिलेली माणसाची आज्ञा, यांत फरक करायला शिकवलं तेही याच शास्त्राने. माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे, असं प्रेषितांनी धर्मसभेलाच तोंडावर सांगितलं. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला, आणि थोड्याच काळात तिथल्या धर्मभगिनींशी त्यांचा पत्रांतून वाद जुंपला. भारतातल्या पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टाने झुगारलं आहे, आता धर्मगुरूंकडून येणारी प्रत्येक गोष्ट परमेश्वराची आज्ञा मानून तसंच दुसरं जोखड मी मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी कळवलं. बंडखोर म्हणून त्यांना बोल लागले. आणि पुढे दुष्काळात मध्य प्रांतातल्या टाकून दिलेल्या मुलींना गोळा करत कोण हिंडलं? केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांना घेऊन कोण आलं? धर्मगुरूंचं न ऐकणारी हीच बाई. देवाचं ऐकणं म्हणजे काय, हे मला कोणत्याही व्याख्येपेक्षा रमाबाईंच्या केडगावने जास्त शिकवलं.

आपल्या नाशिकमधल्या शरणपूरचंच नाव बघा. शरणपूर रोडवरून रोज हजारो गाड्या जातात, पण हे नाव कशाचं, हे फारसं कुणी विचारत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चर्च मिशनरी सोसायटीने इथे ख्रिस्ती वस्ती वसवली. ब्रिटिश नौदल समुद्रात गुलामांची गलबतं अडवी, त्यांतली आफ्रिकन मुलं मुंबईला आणली जात आणि त्यांपैकी काही इथे येत. त्यांना अक्षर आणि हातातली कारागिरी शिकवली जाई. जेकब वेनराइट इथलाच विद्यार्थी. १८७३ च्या मे महिन्यात आजच्या झांबियात डेव्हिड लिव्हिंगस्टन हा मिशनरी आणि प्रवासी मेला तेव्हा हुकूम द्यायला कुणी गोरा साहेब तिथे नव्हता. बरोबरचे आफ्रिकन सहकारी देह तिथेच पुरून आपापल्या वाटेने जाऊ शकले असते. त्यांनी त्याचं काळीज झाडाखाली पुरलं, वेनराइटने अंत्यविधीची प्रार्थना वाचली, आणि देह खांद्यावर घेऊन ते महिनोन्‌महिने चालत किनाऱ्याला पोचले. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटी धरणाऱ्यांमध्ये आपला शरणपूरचा वेनराइट होता. कुणाच्या आज्ञेने?

मराठीत शरण या शब्दाला दोन्ही अर्थ आहेत. शरण जाणं म्हणजे आपली मर्जी सोडून दुसऱ्याच्या हाती जाणं. शरण देणं म्हणजे पदराखाली घेणं. चिंचेखालच्या दोन्ही घोळक्यांची भांडणं या एकाच शब्दात राहतात, आणि आमची आजी रात्रीच्या प्रार्थनेत तो उच्चारायची तेव्हा यातला कोणता अर्थ, असं तिला कधी विचारावंसं वाटलं नाही.

बायबलमधलं प्रेषित पौलाने फिलेमोनाला लिहिलेलं पत्र अवघं पानभराचं आहे. अनेसिम नावाचा दास धन्यापासून, म्हणजे फिलेमोनापासून, दुरावला होता, बहुधा काही नुकसान करून. पौल त्याला परत पाठवताना लिहितो, मी तुला आज्ञा करू शकलो असतो पण प्रीतीने विनंती करतो. त्याला दास म्हणून नको, भाऊ म्हणून घे. आणि शेवटाकडे म्हणतो, तू आज्ञा पाळशील अशी मला खात्री आहे. विनंती, दया आणि आज्ञापालन, सगळं एका पानात. पण त्या पानात मधोमध एक रोकडं वाक्यही आहे, आणि आमच्या वादात ते अजून कुणीच काढलेलं नाही. त्याचं तुझं काही देणं असेल तर ते माझ्या नावावर मांड, मी ते फेडीन, असं पौलाने स्वतःच्या हाताने लिहून दिलं.

पुढच्या महिन्यात कमिटीची बैठक आहे. मी जाणार आहे. त्या माणसाने आधी बायकोसमोर उभं राहावं आणि गंठणाची रक्कम महिन्याला थोडी थोडी का होईना फेडायला सुरुवात करावी, आणि तिने होकार दिला की त्याच रविवारी त्याला भोजनाला बोलवावं, त्यासाठी दोन वर्षं मोजत बसू नये, असं मी सुचवणार आहे. त्याला एकट्याला जमत नसेल तर हंगामाच्या सणाची वर्गणी खात्यावर शिल्लक आहे. गंठण किती तोळ्यांचं होतं, ते तिला विचारून घ्यायचं राहिलं आहे.